अडखळलेला पिचर : ठेवावा की द्यावा?

अमेरिकेत जुलै महिना सरत आला म्हणजे बेसबॉलच्या रसिकांत एक वाद हटकून रंगतो. एखाद्या संघाचा नावाजलेला पिचर त्या वर्षी अडखळत असतो. त्याचे सामने एकामागून एक हातचे जातात, आणि कालपर्यंत ज्याच्यापुढे फलंदाज चाचपडत होते त्याच्याच चेंडूंवर ते आता धावा लुटू लागतात. मग उपाहारगृहांपासून वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांपर्यंत एकच प्रश्न विचारला जातो : याला ठेवावा, की दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात कोणी चांगला माणूस पदरात पाडून घ्यावा? वरवर पाहता हा बाजारातल्या सौद्यासारखा प्रकार वाटतो. पण एका माणसाचा हात, एका शहराची वर्षभराची उमेद आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याची नोकरी, इतके सारे त्यात पणाला लागलेले असते.

हा वाद समजण्यासाठी खेळाची थोडी ओळख हवी. बेसबॉलमधील पिचर म्हणजे क्रिकेटमधील गोलंदाज असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. परंतु साम्य लवकर संपते. पिचर मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून ६० फूट ६ इंच अंतरावरून टप्पा न देता चेंडू फेकतो. धावत येऊन फेकण्याची त्याला मुभा नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाज षटके वाटून घेतात, त्यामुळे एकाचा दिवस वाईट गेला तरी दुसरा सावरून घेतो. बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणारा पिचर एकट्यानेच चेंडूमागून चेंडू टाकत राहतो. तो थकला किंवा धावा देऊ लागला की त्याला काढून दुसरा आणतात, आणि एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात व तीन गडी बाद झाले की डाव संपतो. या कामाचा हातावर एवढा ताण पडतो की सुरुवातीच्या पिचरला पुढचे चार-पाच दिवस विश्रांती द्यावीच लागते. म्हणून संघ असे पाच जण बाळगतो आणि त्यांची पाळी लावतो. वर्षाला १६२ सामने. तेव्हा एकेकाच्या वाट्याला सुमारे बत्तीस-तेहतीस येतात.

खेळाडूंच्या या अदलाबदलीला तिकडे ‘ट्रेड’ म्हणतात. इंडियन प्रीमियर लीगमुळे हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. बडोद्याच्या संघातून पुढे आलेला हार्दिक पंड्या २०२३ च्या नोव्हेंबरात गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे गेला तो याच वाटेने. मात्र तो व्यवहार रोखीचा होता. बेसबॉलमध्ये बहुधा माणसाच्या बदल्यात माणूस दिला जातो. आणि त्यासाठी ठरलेली मुदत असते. ती टळली की त्या हंगामापुरते हे दार बंद होते.

आता पिचर अडखळला आहे, हे ठरवायचे कशावरून? रूढ मोजमाप असे : क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी गेलेल्या धावा वगळायच्या आणि उरलेल्या धावांची नऊ डावांमागे सरासरी काढायची. ही सरासरी तीनच्या आत असली तर उत्तम, चारच्या आसपास साधारण, आणि पाचाच्या वर गेली की चिंता. मोजमाप सोपे आहे, आणि म्हणूनच फसवे आहे. समजा, एखाद्या पिचरने ८० डावांत ३० धावा दिल्या; त्याची सरासरी ३.३८ झाली. पुढल्या दोन सामन्यांत तो तीन-तीन डावच टिकला आणि दर खेपेस सात धावा देऊन बसला. तीच सरासरी एकदम ४.६० वर चढते! दोन वाईट संध्याकाळी, आणि आदल्या आठवड्यात संघाचा आधारस्तंभ असलेला माणूस आता संघाचे ओझे ठरतो.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. २००१ साली वॉरोस मॅक्रॅकन नावाच्या एका हौशी अभ्यासकाने असे दाखवले की, फलंदाजाने मारलेला चेंडू मैदानात आला, की तो कोणाच्या हातात विसावेल की दोघांच्या मधून निसटेल, यावर पिचरचे नियंत्रण आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच कमी असते. प्रथम लोकांनी या म्हणण्याची थट्टा केली. पुढे त्यात दुरुस्त्याही झाल्या, परंतु त्याचा गाभा टिकला. पिचरच्या खऱ्या स्वाधीन असतात त्या गोष्टी थोड्या : किती फलंदाजांना चेंडूला बॅट न लावू देता त्याने बाद केले, किती जणांना भलतीकडे चेंडू टाकून फुकटचा पहिला बेस दिला, आणि किती चेंडू थेट प्रेक्षकांत गेले. या तीन गोष्टी पूर्वीसारख्याच असतील आणि तरीही धावा वाढल्या असतील, तर दैव फिरले आहे असे समजावे. दैव बहुधा परत फिरते.

तात्पर्य, अपयशाचा आकडा एक असला तरी त्याच्यामागे तीन निरनिराळी कारणे असू शकतात : दैव, पद्धत किंवा दुखापत. दैव वाईट असेल तर थांबावे. पद्धत बिघडली असेल तर शिकवणारा शोधावा. हात दुखावला असेल तर वैद्य गाठावा. पंचाईत अशी की वर्तमानपत्राच्या रकान्यात तिन्ही सारखीच दिसतात. देवघेवीचा वाद घालणारे बहुतेक जण किमतीवर भांडतात. वास्तविक भांडायला हवे ते निदानावर. हे निदान चुकले म्हणजे काय होते याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९६४ सालचे आहे.

त्या वर्षी १५ जून ही मुदतीची तारीख होती. सेंट लुईस कार्डिनल्स हा संघ रखडत चालला होता. त्यांचा अर्नी ब्रॉलिओ हा अठ्ठावीस वर्षांचा पिचर साधासुधा नव्हता. १९६० साली त्याने २१ सामने जिंकले होते आणि आदल्याच वर्षी, १९६३ मध्ये, १८. परंतु १९६४ च्या जूनच्या मध्यापर्यंत त्याचे विजय तीन आणि पराभव पाच झाले होते. तिकडे शिकागो कब्ज या संघाकडे लू ब्रॉक नावाचा एक तरुण होता. वाऱ्यासारखा धावे, पण फलंदाजीत सरासरी .२५१, म्हणजे चार खेपांत जेमतेम एकदा यश. क्षेत्ररक्षणातही तो कच्चा समजला जाई. कार्डिनल्सचे जनरल मॅनेजर बिंग डिव्हाइन यांनी ब्रॉलिओसह तीन खेळाडू दिले आणि ब्रॉकसह तीन घेतले.

शिकागोत आनंदीआनंद झाला. अठरा सामने जिंकणारा पिचर मिळाला, आणि गेला कोण, तर एक धावरा पोरगा! सेंट लुईसमध्ये कुरकुर होती. त्यांच्या बॉब गिब्सनसारख्या थोर पिचरलादेखील हा सौदा सुरुवातीला मुळीच पसंत नव्हता. पण ब्रॉकची उरलेल्या हंगामातील सरासरी .३४८ झाली. त्याने ३३ वेळा बेस चोरले, म्हणजे पिचर चेंडू टाकीत असतानाच त्याची नजर चुकवून पुढचा तळ गाठला. कार्डिनल्स हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी आपल्या लीगमध्ये पहिले आले आणि पुढे न्यू यॉर्क यांकीजना सात सामन्यांच्या झुंजीत हरवून त्यांनी विश्वमालिका जिंकली. ज्या डिव्हाइन यांनी हे घडवले त्यांना मात्र मालकाने ऑगस्टमध्येच घरी बसवले होते. त्यांनी लावलेल्या झाडाला फळ आले ते दोन महिने उशिरा. ब्रॉक निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ९३८ चोरलेले बेस आणि ३,०२३ यशस्वी फटके होते.

आणि ब्रॉलिओ? शिकागोत तीन हंगामांत मिळून त्याने अवघे सात सामने जिंकले. १९६४ च्या नोव्हेंबरातच त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, आणि १९६६ नंतर मोठ्या बेसबॉलमध्ये तो पुन्हा दिसला नाही. आपला हात सेंट लुईसमध्ये असल्यापासूनच दुखत होता व त्यावर कॉर्टिझोनची इंजेक्शने घ्यावी लागत होती, हे पुढे त्याने स्वतःच मोकळेपणी सांगितले. शिकागोची माणसे आजही फसलेल्या सौद्याला ‘ब्रॉक आणि ब्रॉलिओ’ असे म्हणतात आणि ब्रॉकला गमावल्याबद्दल हळहळतात. ती हळहळ थोडी अस्थानी आहे. ब्रॉक एवढा मोठा होईल हे त्याला घेणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते, मग देणाऱ्यांना दोष कसा द्यावा? चूक झाली ती दुसरीकडे. ब्रॉलिओ का हरतो आहे, हा प्रश्न त्याला घेताना पुरेसा विचारला गेला नाही. तीन-पाच हा आकडा दैवाचा खेळ मानला गेला. तो दुखऱ्या हाताचा होता.

याच्या नेमके उलटे उदाहरण सात वर्षांनी न्यू यॉर्कमध्ये घडले. मेट्स संघाकडे नोलन रायन हा टेक्ससचा चोवीस वर्षांचा पिचर होता. त्याच्या चेंडूला विलक्षण वेग होता. पण तो चेंडू कोठे जाईल हे फलंदाजाला कळत नसे आणि पुष्कळदा रायनलाही कळत नसे. १९७१ साली त्याने १५२ डावांत ११६ फलंदाजांना फुकटचा बेस दिला; १० सामने जिंकले, १४ हरले. मेट्सना तिसऱ्या बेसवर उभा राहणारा भरवशाचा माणूस हवा होता, आणि चांगले पिचर त्यांच्याकडे आणखी होते. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांनी रायनसह चार खेळाडू कॅलिफोर्निया एंजल्सना देऊन जिम फ्रेगोसी याला घेतले. फ्रेगोसी नामांकित खरा, पण त्याची उमेदीची वर्षे मागे पडली होती, आणि तिसरा बेस ही त्याची जागाही नव्हती. १९७३ च्या मध्यावर मेट्सनी त्याला विकून टाकले.

रायनला एंजल्सकडे टॉम मॉर्गन हा पिचरांचा शिक्षक आणि जेफ टॉरबॉर्ग हा कॅचर भेटला. अंग कोठे आणि केव्हा वळवावे, पाऊल कसे टाकावे, चेंडू हातातून केव्हा सोडावा, यावर त्यांनी धीराने मेहनत घेतली. पहिल्याच वर्षी, १९७२ मध्ये, रायनने १९ सामने जिंकले, ३२९ फलंदाजांना ‘स्ट्राइक-आउट’ केले आणि सरासरी राखली २.२८. तो २७ हंगाम खेळला. त्याचे ५,७१४ स्ट्राइक-आउट आणि प्रतिपक्षाला एकही यशस्वी फटका न मारू देता जिंकलेले सात सामने हे विक्रम अबाधित आहेत. गमतीची गोष्ट अशी की सर्वाधिक फुकटचे बेस देण्याचा विक्रमही त्याच्याच नावावर आहे. दोष कायमचा गेला असे झालेच नाही. गुण एवढा वाढला की दोष परवडू लागला.

असा गुण ओळखून थांबणारेही असतात. निदान नाइलाजाने थांबणारे असतात. डॉजर्सचा डावखुरा सँडी कूफॅक्स १९५५ ते १९६० या सहा वर्षांत ३६ सामने जिंकला आणि ४० हरला. आपल्याला पुरेशी संधी मिळत नाही म्हणून तो इतका वैतागला होता की दुसरीकडे पाठवा अशी मागणी त्याने केली होती. संघाने ती मानली नाही. १९६१ च्या सरावात नॉर्म शेरी या कॅचरने त्याला सुचवले की, सारे बळ एकवटून फेकू नकोस, हात थोडा सैल सोड. त्यानंतरच्या सहा वर्षांत कूफॅक्सचे १२९ विजय आणि ४७ पराभव आहेत. सहकाऱ्याच्या या सल्ल्याला एक डॉलरही पडला नाही. पुढे कोपराच्या संधिवाताने त्याला वयाच्या तिसाव्या वर्षी खेळ सोडावा लागला, हे खरे. तरीही त्या सहा वर्षांची बरोबरी करणारे थोडेच.

अलीकडचे दोन दाखले एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. टोरांटोच्या रॉय हॅलडे याची २००० सालची सरासरी होती १०.६४, म्हणजे विश्वास न बसण्याइतकी वाईट. संघाने त्याला दिले नाही; खालच्या, अगदी शिकाऊ वर्गाच्या संघात पाठवले. तेथे मेल क्वीन या शिक्षकाने त्याच्या फेकीचा कोन मुळापासून बदलला. २००३ मध्ये २२ सामने जिंकून तो आपल्या लीगमधील सर्वोत्तम पिचर ठरला. बाल्टिमोर ओरिओल्सनी मात्र जेक अ‍ॅरिएटाच्या बाबतीत धीर सोडला. २०१३ साली त्याची सरासरी ७.२३ झाली होती; २ जुलै रोजी त्यांनी त्याला व पेड्रो स्ट्रॉप याला शिकागो कब्जना देऊन स्कॉट फेल्डमन आणि आणखी एक खेळाडू घेतला. अ‍ॅरिएटाला शरीराच्या आडव्या रेषेतून चेंडू फेकण्याची सवय होती. बाल्टिमोरमध्ये ती मोडण्याचा खटाटोप झाला. शिकागोत ती तशीच राहू दिली गेली. २०१५ मध्ये त्याचे २२ विजय, ६ पराभव आणि सरासरी १.७७! पुढल्या वर्षी विश्वमालिकेत त्याने दोन सामने जिंकले, आणि १९०८ पासून ताटकळलेल्या शिकागोला अखेर अजिंक्यपद मिळाले. ज्या गावाने ब्रॉलिओचा फटका सोसला त्यालाच हे माप परत मिळावे, यात रसिकांना काव्यगत न्याय दिसला तर नवल नाही.

या गोष्टींवरून कोणी म्हणेल की अडखळलेल्या पिचरला कधीच देऊ नये. तसे नाही. हॅलडेला क्वीन भेटला म्हणून टोरांटोचे थांबणे शहाणपणाचे ठरले. तसा शिक्षक जवळ नसेल आणि खेळाडू वर्षामागून वर्ष कुजत असेल, तर त्याला ठेवण्यात ना संघाचे हित ना त्याचे. शिवाय संघाच्या गरजेलाही काळवेळ असते. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्स अजिंक्यपदाच्या शर्यतीत होते आणि त्यांना त्याच क्षणी एक पिचर हवा होता. त्यांनी अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर हा सदतिशीला आलेला अनुभवी गडी घेतला आणि त्याच्या बदल्यात जॉन स्मोल्ट्झ हा वीस वर्षांचा मिशिगनचाच मुलगा दिला, जो दुय्यम संघात ४ सामने जिंकून १० हरला होता. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइट अवघ्या दोन सामन्यांच्या फरकाने आपल्या विभागात पहिले आले. स्मोल्ट्झ पुढे अटलांटाचा कीर्तिस्तंभ झाला, २०१५ मध्ये बेसबॉलच्या सन्मानदालनातही गेला. म्हणून डेट्रॉइटला मूर्ख ठरवणारे पुष्कळ आहेत. पण अलेक्झांडर नसता तर ती शर्यत हातची गेली असती, हेही तितकेच खरे. त्यांना जे हवे होते ते मिळाले आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

या साऱ्या चर्चेत ज्याच्यावर वाद चालला आहे त्या माणसाला कोण विचारते? पूर्वी तर कोणीच विचारीत नसे. खेळाडूचा करार संघाच्या मर्जीने वर्षानुवर्षे लांबवला जाई, आणि एका सकाळी त्याला कळे की आपले गाव बदलले. १९६४ मध्ये ब्रॉकच्या शेजारी मैदानात उभा राहणारा कर्ट फ्लड याला १९६९ साली असेच फिलाडेल्फियाला धाडण्यात आले. आपण काही विकत घ्यायची वस्तू नाही, असे म्हणून त्याने जाण्याचे नाकारले व न्यायालयात धाव घेतली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला; त्याची कारकीर्दही त्या लढ्यात संपली. पण वारे फिरले होते. दहा वर्षे मोठ्या लीगमध्ये आणि त्यांतील शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला नकाराचा हक्क मिळाला, आणि १९७५ च्या अखेरीस लवादाच्या निर्णयाने करार लांबवण्याची ती जुनी प्रथाही मोडली. तरीही तेवढी वर्षे न झालेल्या आणि करारात वेगळी अट घालून न घेतलेल्या खेळाडूला आजही न विचारता दुसऱ्या गावी पाठवता येते. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, भाड्याचे घर, हे सारे मागाहून.

दुखऱ्या हाताची गोष्ट लपवण्याचे दिवस मात्र आता गेले, निदान जायला हवेत. आज सौदा पक्का होण्यापूर्वी दोन्ही संघांनी खेळाडूंचे वैद्यकीय कागद एकमेकांना दाखवावे लागतात. २०१६ साली सॅन डिएगो पाद्रेसनी ड्रू पोमरँझ हा पिचर बोस्टनला दिला, पण त्याच्या प्रकृतीची सारी माहिती दिली नाही, असे आढळले. त्यांचे जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर यांना तीस दिवस बिनपगारी निलंबित करण्यात आले. त्याच जुलैत याच संघाने कॉलिन रे हा आणखी एक सुरुवातीचा पिचर मायामीला दिला होता. नव्या संघाकडून खेळताना पहिल्याच सामन्यात, चौथ्या डावात, कोपर धरून तो बाहेर आला. मायामीने तक्रार केली, आणि सॅन डिएगोला त्याला परत घ्यावे लागले. त्याच्या बदल्यात त्यांनी परत दिला लुईस कॅस्टिलो हा तरुण, ज्याने मोठ्या लीगमध्ये तोवर एकही चेंडू टाकला नव्हता. हा कॅस्टिलो २०१९ साली निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. पण मायामीकडून नव्हे. त्यांनी २०१७ च्या जानेवारीतच त्याला सिनसिनाटीला देऊन टाकले होते, डॅन स्ट्रेली नावाच्या एका सुरुवातीच्या पिचरच्या बदल्यात.